मोटेवरची इंग्रजी

माझ्या लग्नाला वर्ष होतं न होतं तोच मोजणीदार साखळी घेऊन आमच्या शेतात उतरले. पिंपरीच्या माळावर कारखाना येणार हे गावाला ठाऊक होतं. पण कारखाना माळावर येईल, विहिरीवर कशाला येईल, अशी सगळ्यांची समजूत. माळाला लागून आमची जमीन, जमिनीत बांधीव विहीर, विहिरीवर मोट. चुन्याच्या खुणा विहिरीच्याही पलीकडे गेल्या. सासरे दिवसभर बांधावर बसून त्या खुणांकडे बघत राहिले आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "जमीन देऊन बसलो म्हनायचं." मोबदल्याची कथा मी सांगत बसत नाही. ती त्या पट्ट्यातल्या प्रत्येक घरात आहे, आणि प्रत्येक घरात तेवढीच कंटाळवाणी आहे.

मला सांगायचंय ते इंग्रजीचं.

चावडीवर कंपनीचा एक माणूस आला होता. बोलायला गोड. त्यानं सांगितलं, ज्या घराची जमीन जाईल त्या घरातला एक माणूस कंपनी कायम कामावर घेईल, तोही यंत्रावर. फक्त यंत्रं विलायतेहून येणार, ती बसवणारा साहेब तिकडचाच, तेव्हा त्याचे हुकूम समजले पाहिजेत. त्यासाठी मुलाखत होईल. जमलं तर यंत्रावर, नाही जमलं तर ठेकेदाराकडे मातीकाम आहेच. आमच्या घरात तो एक माणूस म्हणजे आमचे हेच. सासरे थकलेले आणि दीर मला नव्हताच. जमीन तर जाणारच होती, आता ती नोकरी मिळाली तर घर उभं राहणार होतं.

ह्यांचं नाव मी तेव्हा घेत नव्हते आणि इथंही घेणार नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढं पुरे. ह्यांची शाळा चौथीत सुटलेली. माझं माहेर खेडचं, मी सातवी पास. व्हर्नाक्युलर फायनल झालेली सून कशी दिसते हे बघायला गावातल्या बायका आल्या होत्या. पण त्या काळी इंग्रजी आठवीपासून असायचं, आणि आमच्याकडे मुलीची आठवी म्हणजे लग्न. तेव्हा एबीसीडीच्या बाबतीत आम्ही घरातली सगळी माणसं, आणि दोन बैल, एकाच पायरीवर होतो.

पिंपरीत निर्वासितांची छावणी होती. तिथला एक सिंधी माणूस सायकलवर पापड आणि कापडाचे तुकडे घेऊन आमच्या वस्तीवर यायचा. उंच, वाकलेला, कपडे विटलेले पण कॉलरचं बटण कायम लावलेलं. तिकडे, त्याच्या गावी, तो हायस्कुलात इंग्रजी शिकवायचा, हे त्यानंच एकदा आमच्या ओसरीवर पाणी पिता पिता सांगितलं होतं. तेव्हा आम्ही नुसतं "हो का" म्हटलं होतं. आता ह्यांनी त्याची सायकल वाटेतच अडवली. मास्तरनं सगळं ऐकून घेतलं आणि शिकवायचं कबूल केलं. बदल्यात काय, तर वांगी, मेथी, जे मळ्यात असेल ते.

"भाऊ, बड़े बड़े शब्द दफ्तर में," मास्तर म्हणाला. "मशीन पर आदमी लंबी बात नहीं करता. छोटा बोलता है. टर्न ऑफ. होल्ड ऑन. लुक आउट. बस, इतना सीख लो."

दोन-दोन शब्दांच्या त्या जोड्या. पहिल्याच दिवशी घोडं अडलं. आमचे हे हिशेबी डोक्याचे, पटल्याशिवाय मान हलवायची नाही. "गिव्ह म्हंजी द्या. अप म्हंजी वर. मग वर द्या म्हंजी सोडून द्या, ह्ये कसं वं मास्तर?" मास्तर म्हणाला, ऐसा ही है. "असं कसं ऐसाच है? पुट म्हंजी ठेवा, आउट म्हंजी भाईर. मग भाईर ठेवा म्हंजी विझवा? दिवा भाईर ठेवला तर कोन म्हनंल विझवला?" मास्तर सिंधीतून हिंदीत, हिंदीतून खुणांवर आला, हात हलवून हलवून दमला.

मी दारात भाजी निवडत होते. मला राहवेना. सासऱ्यांपुढं नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती, तरी बोलले. "मामंजी परवा म्हणाले, जमीन देऊन बसलो. त्यात बसलं कोण होतं? देणं वेगळं, देऊन टाकणं वेगळं, देऊन बसणं वेगळं. ते तुम्हाला कुणी शिकवलं?"

सासऱ्यांनी तोंड फिरवलं. मास्तरनं माझं बोलणं पुन्हा सांगायला लावलं, समजून घेतलं, आणि त्या ओसरीवर पहिल्यांदा हसला. त्यानंतर ह्यांनी वाद घालणं सोडलं. पण मान्य केलं म्हणून लक्षात राहतं असं थोडंच आहे.

बसून पाठ करणं ह्यांना जन्मात जमलं नाही. शाळेत पाढे म्हणतानासुद्धा उभं राहून झुलायचे, आणि गुरुजी दटावून बसवायचे तेव्हा सातावर गाडी थांबायची, असं सासरे सांगत. अखेर ह्यांनी आपला मार्ग आपणच काढला. मोटेवर.

मोट आता कुणी बघितलेली नसेल म्हणून सांगते. विहिरीच्या काठापासून बैलांना चालायला एक उतार केलेला असतो, त्याला धाव म्हणायचं. बैल धावेवरून खाली जातात, तशी नाड्याला, म्हणजे जाड दोराला, बांधलेली चामड्याची मोट भरून वर येते आणि काठावरच्या थारोळ्यात, दगडी कुंडात, पाणी ओतते. मग बैल तसेच उलट्या पावलांनी धाव चढतात, मोट पुन्हा विहिरीत उतरते. खाली, वर, खाली, वर, दिवसभर. मोट हाकणारा त्या तालावर गाणी म्हणतो. आमच्या ह्यांचा आवाज चांगला होता, मी लग्न होऊन आले तेव्हा त्या गाण्यांवरच भाळले होते, हे आता सांगायला हरकत नाही.

तर ह्यांनी गाणी बंद केली आणि इंग्रजी सुरू केली. बैल खाली जाताना शब्द, उलटे वर येताना त्याचा अर्थ. "गिव्ह अsssप," करत नाड्यावर बसून खाली जायचे. "सोडून देनंsss," करत बैलांबरोबर वर सरकायचे. पुढच्या खेपेला "पुट आउट." मग "विझवनं." मी खाली वाफ्यांत दारं धरायला असायची. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बंद करून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं. आधी वरून शब्द यायचा, मग अर्थ, आणि त्याच्या मागून पाटानं पाणी. माझा गुडघ्यापर्यंतचा चिखल आणि कंपनीची इंग्रजी, दोन्ही बरोबरच चालू होती.

रस्त्यानं जाणारे थांबून चेष्टा करायचे. "काय राव, बैलांस्नी मॅट्रिकला बसवताय जनू!" हे नुसते हसायचे आणि पुढचा शब्द म्हणायचे. खरंच, बैलांनाही सवय झाली असावी. हे बोलायचे थांबले की बैल धावेच्या तोंडाशी उभे राहायचे.

ते महिने चांगले गेले. जमीन चाललीय हे माहीत असून मी मनातून खूश होते, हे खोटं कशाला बोलू. कंपनीच्या चाळीत खोली मिळेल, खोलीत नळ असेल, मला पुन्हा कधी चिखलात उभं राहावं लागणार नाही. सासऱ्यांपुढं तोंड पाडून वावरायची आणि मनात नळाखाली भांडी घासायची.

मास्तर दर फेरीला आधीचं म्हणून घ्यायचा. तेही मोटेवरच, सायकल बाभळीला टेकवून. ह्यांचं एकही चुकत नसे. एकदा मास्तर नवीन शब्द सांगत होता, टेक ओव्हर, ताब्यात घेणं, लीव्ह बिहाइंड, मागे टाकून येणं. ह्या शब्दांचे अर्थ सांगताना त्याला हिंदी शोधावी लागत नव्हती, खुणाही करत नव्हता. ह्यांनी विचारलं, "आनि सेटल डाउन? चावडीवर त्यो कंपनीवाला म्हनत व्हता." मास्तरनं सायकलवरचं गाठोडं पुन्हा आवळून बांधलं. "ये तुम्हारे इम्तहान में नहीं आएगा," म्हणाला, आणि निघाला. त्याचा अर्थ, एका जागी घर करून राहणं, मला पुढं कितीतरी वर्षांनी कळला. त्या दिवशी त्याला भाजी द्यायची राहून गेली म्हणून मी हळहळत होते.

ज्वारी निघाली आणि जमिनीचा ताबा गेला. कुंपण पडलं. विहिरीवरचं लाकूडसामान आणि नाडा घरी आणून टाकला. बैलांना चारायला काही उरलं नाही, म्हणून सासऱ्यांनी ते चाकणच्या बाजारात नेऊन विकले. परत आले ते दावी खांद्यावर टाकून. मुलाखत मात्र लगेच झालीच नाही. आज बोलावतील, उद्या बोलावतील, असं करत हे रोज रस्त्याकडे डोळे लावून ओसरीवर बसायचे.

आणि तिथंच ते पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. हे जेवत होते. मी सहज, गंमत म्हणून विचारलं, "पुट आउट?" ह्यांचा घास हातातच राहिला. कपाळाला आठ्या पडल्या. मग उष्ट्या हातानं उठले, अंगणात गेले, गोठ्यापर्यंत चालत गेले, तसेच उलट्या पावलांनी मागे आले आणि म्हणाले, "विझवनं." मी हसले. मला वाटलं हेही गंमत करताहेत. मग त्यांचं तोंड बघितलं आणि हसू तोंडातच राहिलं.

त्यानंतर मी मुद्दाम विचारून बघू लागले. बसलेले असले की काही म्हणजे काही यायचं नाही. चालत पुढं गेले की शब्द यायचा, उलटे मागे आले की अर्थ यायचा. तेही बैल, मोट, पाण्याचा आवाज नसल्यामुळं अडखळत, मधलं एखादं गाळत. मळ्यात शिकलेलं मळ्यातच राहिलं होतं, आणि मळा कुंपणाच्या आत.

मास्तर आला तेव्हा मीच सगळं सांगितलं. त्यानं ह्यांना बाजेवर बसवलं आणि विचारायला लागला. हे घामानं निथळले. पाय मात्र बसल्या जागी हलत होते. मास्तरनं पुढचे दोन आठवडे रोज येऊन बाजेवर बसवून शिकवलं, पापड विकायचे सोडून. फळीवर कोरल्यासारखं जे एकदा बसलं होतं ते काही हलेना. शेवटी म्हणाला, "भाई, साहब से हाथ जोड़कर कहना, मैं खड़े खड़े, चलते चलते जवाब दूँगा."

"सायबाला असं कसं म्हनायचं?" हे पुटपुटले.

"म्हणायचं," मी ओरडलेच. "पाया पडून म्हणायचं. त्यात काय जातंय आपलं?" माझा आवाज त्या घरात तेवढा कधी चढला नव्हता. ह्यांनी मान डोलावली. म्हणीन, म्हणाले.

त्याच आठवड्यात मास्तर गेला. कल्याणच्या छावणीत त्याचा मेहुणा होता, त्यानं बोलावलं होतं. निरोप घ्यायला आला तेव्हा कॉलरचं बटण लावलेलंच होतं. मी ह्या वेळी भाजी विसरले नाही, पण आता भाजी विकतची होती.

मुलाखतीच्या दिवशी ह्यांनी धुतलेलं धोतर, नवी टोपी घातली. सासऱ्यांनी अंगारा लावला. वेशीपर्यंत मी मागून बघत होते. चालता चालता ओठ हलत होते, पाय तालात पडत होते. रस्ताभर ह्यांना सगळं येत होतं, याची मला आजही खात्री आहे.

दुपारीच परत आले. काय झालं ते एकदम सांगितलं नाही, पुढं कित्येक दिवस तुकड्या-तुकड्यांनी कळलं. तिथली माणसं वाईट नव्हती. गोरा साहेब ह्यांना बघून उठून उभा राहिला. ह्यांचा हात हातात घेतला. समोरची खुर्ची दाखवली. ह्यांनी हात जोडले, उभा राहतो म्हणाले. शेजारचा मराठी साहेब म्हणाला, "अहो, बसा. साहेब तुमच्यासाठी उभे राहिलेत, तुम्ही बसल्याशिवाय ते कसे बसतील?" मग हे बसले.

गोऱ्या साहेबानं सावकाश, तोंड मोठं उघडून विचारलं, "टर्न ऑफ?" तो शब्द कुठं होता ते ह्यांना दिसत होतं. चिंचेची सावली धावेवर यायची त्या वेळचा. हे उठायला लागले. "बसा, बसा," मराठी साहेब म्हणाला. दुसरा विचारला. हे पुन्हा उठायला लागले. "अहो बसा हो, घाबरू नका." तिसऱ्या शब्दाला त्या मराठी साहेबानं पाणी मागवलं. चालत चालत सांगतो, हे वाक्य ह्यांच्या घशापर्यंत आलं होतं. पण एवढ्या मानानं खुर्ची दिलेली, तिथून उठून येरझाऱ्या घालू द्या असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? निघताना गोऱ्या साहेबानं पाठीवर हात ठेवला.

"बसा म्हनाले," एवढंच हे घरी आल्यावर बोलले होते. "मला बसा म्हनाले गं."

मला संताप आला तो कुणावर काढावा हे कळेना. कुणी हाकलून दिलं असतं, हिडीसफिडीस केलं असतं, तर मला शिव्या द्यायला एक माणूस तरी मिळाला असता. जन्मात कुणी साहेबानं ह्यांना खुर्ची दिली नव्हती. पहिल्यांदा दिली ती अशी. आणि वाफ्यात उभं राहून ऐकलेले ते सगळे शब्द मला येत होते, बसून, उभ्यानं, चुलीपुढं, कुठूनही विचारा. पण माझी मुलाखत घ्यायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

पुढच्या सोमवारी हे ठेकेदाराकडे मातीकामाला गेले. सकाळी भाकरी बांधून न्यायची, संध्याकाळी लाल धुळीनं माखून यायचं. कुंपणाच्या आत, आपल्याच रानात. कुठं काम चाललंय हे मी विचारायची नाही, हेही सांगायचे नाहीत. सासरे तर त्या बाजूच्या रस्त्यानं जायचंच सोडून बसले. अंगणातल्या येरझाऱ्या बंद झाल्या. मोटेवरची जुनी गाणी मी परत कधी ऐकली नाहीत. घरात एवढी शांतता की चुलीत लाकूड तडकलं तरी सासरे दचकायचे.

मग एके दिवशी हे आले, पाय धुतले, आणि ताटावर न बसता दाराच्या चौकटीला हात टेकून उभे राहिले. चेहरा वेगळाच दिसत होता. मला वाटलं ताप आलाय.

"आज हिरीवर व्हतो," म्हणाले.

मी भाकरी थापता थापता थांबले.

"बुजवायला घेतलीया. धावंवरनं चढून माती टाकायची. समद्यांची रांग असती." "रिकामं घमेलं घेऊन धाव उतरलो, तर शब्द आला. भरलेलं घेऊन चढलो, तर त्याचा अर्थ आला."

"म्हणजे?"

"समदे आले. गिव्ह अपपासनं पार शेवटापातुर. वळीनं. एक बी चुकला न्हाई." मग जरा हसले, लग्नानंतर पहिल्या वर्षी हसायचे तसं. "म्होरचा गडी म्हनला, काय राव, कुनाशी बोलताय?"

मी थापलेली भाकरी तव्यावर टाकली. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, विहीर आणखी किती राहिलीय.

"उद्या भरंल," हे म्हणाले, आणि हात धुवायला परत बाहेर गेले.